बँकेच्या मूल्यांकनात घराची किंमत साडेबारा लाखांनी का उतरली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा धागा लागेल. बेळगावच्या वडगावातलं चौदा वर्षांचं दुमजली घर, वर पत्र्याची एक मोठी खोली. सौदा ६४ लाखांना ठरला. पाच लाख संचकार, म्हणजे इसारा, दिला आणि दोन महिन्यांत खरेदी करायची मुदत घेतली. बँकेत तोंडी "ऐंशी टक्के मिळेल" असं ऐकलं, म्हणून तुम्ही ५१ लाख धरून बसलात. बँकेच्या व्हॅल्युअरनं किंमत काढली ५१ लाख ६० हजार, आणि कर्ज आलं ४१ लाख २८ हजारांवर. आता तुम्ही विचारताय की व्हॅल्युअरनं मुद्दाम कमी लावलं का, रिपोर्ट बघायला मिळेल का, करारात "बँक केव्हाही फेरमूल्यांकन करील आणि तारण कमी पडल्यास जादा तारण द्यावं लागेल" असं लिहिलंय त्यावर सही करावी का, आणि संचकार बुडेल का.

मी सिव्हिल इंजिनिअर. बेळगाव, खानापूर, हुक्केरी या पट्ट्यात गेली सव्वीस वर्षं बँकांसाठी मूल्यांकनं करतो. तुमचा रिपोर्ट माझा नाही. पण तुम्ही दिलेल्या मापांवरून आकडेमोड केली तर तो कसा झाला असणार, हे मला बऱ्यापैकी दिसतं. एकेक सांगतो.

कंपाउंडच्या आत जागा १,३३५ चौरस फूट भरते, असं तुम्ही लिहिलंय. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मात्र १,२०० आहे. व्हॅल्युअर टेप लावून दोन्ही मापं लिहून घेतो आणि किंमत लावतो ती कमी असलेल्या मापावर. जादाचे १३५ फूट नाल्याकडेचे असोत, रस्त्याकडचे असोत की शेजाऱ्याचे, विक्रेत्याच्या नावावर ते नाहीत. त्याच्या नावावर नाही ते बँकेकडे गहाण पडत नाही. त्या गल्लीचा भाव समजा २,४०० रुपये फूट धरला, तर विक्रेत्याच्या हिशेबात जागा ३२ लाख ४ हजारांची आणि व्हॅल्युअरच्या हिशेबात २८ लाख ८० हजारांची. सव्वातीन लाख इथं गेले.

बांधकाम दोन मजले मिळून १,७०० फूट. आज तेच बांधायला १,७०० रुपये फूट लागेल असं धरू, म्हणजे २८ लाख ९० हजार. विक्रेत्यानं हाच आकडा पकडला, कारण घर बघायला छान आहे, टाईल्स नव्या आहेत, रंग ताजा आहे. व्हॅल्युअरला रंगाशी देणंघेणं नाही. आरसीसी घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात आणि शेवटी १० टक्के भंगारकिंमत उरते असं मानतात. मग १४ वर्षांची घट येते २१ टक्के, म्हणजे ६ लाख ७ हजार. उरले २२ लाख ८३ हजार.

राहिली वरची साडेतीनशे फुटांची पत्र्याची खोली. विक्रेत्यानं तिचे तीन-सव्वातीन लाख धरले असणार. महापालिकेच्या मंजूर नकाशात ती नाही. बँकेच्या रिपोर्टात अशा खोलीसमोर शून्य लागतं आणि शेऱ्यात "विनापरवाना" असं लिहिलं जातं.

बेरीज करून बघा. २८ लाख ८० हजार अधिक २२ लाख ८३ हजार म्हणजे ५१ लाख ६३ हजार. वरचे तीन हजार सोडले की रिपोर्टातला आकडा. तुमच्या सौद्यातले साडेबारा लाख कुठं गेले तेही कळलं. सव्वातीन जागेच्या फरकात, सहा वयात आणि उरलेले वरच्या खोलीत. यात व्हॅल्युअरनं दुष्टपणा केल्याचं मला तरी दिसत नाही.

आता, हा हिशेब असा कडक का? बँकेचं तारण म्हणजे हप्ते थकल्यावर विकता येईल अशी वस्तू. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता घर विकायचा अधिकार दिला. त्या विक्रीच्या आधी पुन्हा मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढून घेऊन त्यावर लिलावाची राखीव किंमत ठरवावी लागते. म्हणजे आज तुमच्या घरात टेप घेऊन फिरणारा माणूस खरं तर त्या न झालेल्या लिलावाची तयारी करत असतो. लिलावात घेणाऱ्याला ते जादाचे १३५ फूट कोण देणार? म्हणून बँकेच्या नमुन्यात एक नव्हे, तीन किमती असतात. चालू बाजारभाव, प्रत्यक्ष हाती येईल ती, आणि घाईत विकावं लागलं तर येईल ती. काही बँका कर्जासाठी पहिली धरतात, काही दुसरी. तुमच्या शाखेला एवढंच विचारा, "कर्ज कुठल्या किमतीवर काढलंय?" हा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक क्वचित भेटतो, आणि तो विचारला की समोरच्याची खुर्ची जरा सरळ होते.

ऐंशी टक्क्यांचं म्हणाल तर बँकेनं तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घरकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, ३० ते ७५ लाखांना ८०, आणि त्यापुढे ७५ टक्के. पण "किंमत" म्हणजे सौद्याची रक्कम आणि मूल्यांकन यांतली कमी असेल ती. आणि मुद्रांक, नोंदणी वगैरे खर्च त्यात धरत नाहीत, घर दहा लाखांच्या आतलं असेल तरच ते मिळवायची मुभा आहे. आपल्याकडं कर्नाटकात, शहरात, मुद्रांक, उपकर आणि अधिभार मिळून ५.६ टक्के. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालं. ६४ लाखांवर हे ४ लाख ८६ हजार होतात. घराचे उरलेले २२ लाख ७२ हजार आणि हे मिळवले तर स्वतःचे साडेसत्तावीस लाख तयार पाहिजेत. तुम्ही सतरा-अठरा धरून चालला होता ना? तिथंच घोळ झाला.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आलंय, की विक्रेता म्हणतो "खत पंचेचाळीस लाखांचं करू, बाकीचे हातात द्या". हे करू नका. नीतीचा भाग सोडा, हिशेबानंच बघा. खत ४५ चं झालं की बँक ४५ धरणार, कारण दोन्हींतली कमी तीच. कर्ज ३६ लाखांवर येईल. मुद्रांकाचे दीड लाख वाचवायला जाऊन कर्जाचे पाच लाख गेले. शिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायदा ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लावतो. आणि व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घर घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. तुमच्या बाबतीत ६४ हजार. ते विक्रेत्याच्या रकमेतूनच कापायचे, वरून द्यायचे नाहीत. हे त्याला आजच सांगून ठेवा, खरेदीच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या दारात भांडण नको.

चंदगडचे पाव्हणे म्हणाले, रेडी रेकनरचा दर बघा, बँकेला तो द्यावाच लागतो. पाव्हण्यांचा महाराष्ट्रातला अनुभव असेल, पण तिकडंही हे खरं नाही. रेडी रेकनर म्हणजे मुद्रांक आकारायचा सरकारी दर. आपल्या बाजूला त्याला मार्गसूची दर म्हणतात, १ ऑक्टोबर २०२३ ला तो राज्यभर सुधारला. व्हॅल्युअर तो रिपोर्टात नोंदवतो, पण किंमत त्यावर बांधून घेत नाही. एखाद्या गल्लीत सरकारी दर बाजाराच्या निम्मा असतो, आणि शेजारच्या ले-आऊटमध्ये बाजारापेक्षा चढा. दोन्ही मी बघितलंय.

फेरमूल्यांकन मागायचं असेल तर भाव कमी लावला म्हणून मागू नका. "आमच्या गल्लीत सत्तावीसशेनं गेलं" हे प्रत्येकजण सांगतो. चूक दाखवा. घराचं वय चौदाऐवजी वीस लिहिलंय का? उताऱ्यावरचं क्षेत्र वाचताना अंक चुकलाय का? परवानगी तीन मजल्यांची असून व्हॅल्युअरला जुनाच नकाशा दिला गेला का? आणि भावाचंच म्हणणं असेल, तर त्याच भागातल्या गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन नोंदणीकृत खरेदीखतांच्या नकला जोडा. कागदाला व्हॅल्युअर उत्तर देतो, तोंडी बोलण्याला देत नाही. ५० कोटींच्या वरच्या मालमत्तेला बँका दोन स्वतंत्र रिपोर्ट घेतात. तुमच्याआमच्या घराला एकच, म्हणून त्यातली चूक दुरुस्त करून घेणं आपल्याच हातात.

रिपोर्ट बघायला मिळेल का? तो बँकेच्या नावानं असतो, फी तुम्ही भरलेली असली तरी. काही शाखा लेखी अर्जावर प्रत देतात, काही देत नाहीत. निदान क्षेत्र, वय, दर आणि शेरे एवढं वाचून दाखवा असा आग्रह धरा. फीचं मात्र स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं, त्यात मूल्यांकनाची फी लिहिलेली असली पाहिजे, आणि त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात कुणी मागत नाही. हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं असा नियम आहे. मराठीत मागा. शाखेत कन्नड आणि इंग्रजी छापील तयार असतं, मराठीसाठी दोन दिवस लागतील, लागू देत. पत्रक दिल्यापासून किमान तीन कामाचे दिवस त्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक असतात. तेवढ्यात घरी बसून नीट वाचून होतं.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं शहरातले सिटी सर्व्हेचे उतारे, मोजण्या आणि जुनी खतं त्या पद्धतीची, कित्येक मराठीत आणि त्याहून जुनी मोडी लिपीत. नंतरचे सगळे कागद कन्नडमध्ये. आजोबांचं नाव मराठी खतात आडनावासकट, कन्नड उताऱ्यात नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. "जाधव"चं "जादव" झालेलं तर घरोघरी. हे बघायचं काम बँकेच्या वकिलाचं, पण वकिलाचा शेरा आणि व्हॅल्युअरचा रिपोर्ट एकाच फाईलला लागतात, आणि एकात खोट निघाली की दुसऱ्यावर सावली पडतेच. ऋणभार प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ईसी म्हणतात ते, कावेरी या राज्याच्या नोंदणी पोर्टलवर ऑनलाईन निघतं ते २००४ पासूनचं. बँकेला तीस वर्षं मागचं लागतं. त्याच्या आधीचं सब-रजिस्ट्रारकडून हातानं काढून घ्यावं लागतं, आणि तिथं आठ-पंधरा दिवस जातात. तुमच्या दोन महिन्यांतले पंधरा दिवस इथंच धरा.

शहराबाहेर पडलात तर गोष्ट निराळी. कंग्राळी, सुळगा, येळ्ळूर, पिरनवाडी, मच्छे, या बाजूला जागा गुंठ्यानं विकतात. गुंठा म्हणजे १,०८९ फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. गावठाणातलं घर असेल तर पंचायतीचे ई-स्वत्तूचे, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाईन नोंदीचे, कागद निघतात, नमुना ९ आणि ११. पण शेतातला तुकडा बॉण्ड पेपरवर घेऊन त्यावर घर बांधलेलं असेल तर मूल्यांकनाला मी जातो, मापं घेतो, चहा पितो आणि परत येऊन किंमत जवळजवळ शून्य लिहितो.

एकदा अशाच एका घरी गेलो होतो. तळमजला आणि वर एक, ग्रॅनाईटची पायरी, तुळशीवृंदावन, अंगणात दोन मोटारसायकली. घरमालकानं आयुष्यभराची कमाई घातलेली. पहाणीवर, म्हणजे शेताच्या उताऱ्यावर, अजून भात, आणि मालक म्हणून दुसराच कुणीतरी शेतकरी. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खिशात हात घातला. त्यांना वाटलं मी पैशांसाठी अडवतोय. मी त्यांना सांगितलं, मामा, पाच लाख दिले तरी माझ्या हातात काही नाही. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून तुमचं घर तारण घेऊन बँक विकणार काय? शेतीची बिगरशेती करून घ्या, मग बघू. ते कितपत समजले माहीत नाही. बायकोनं आतून विचारलं, "किती म्हणाले?" आणि ते काहीच बोलले नाहीत.

कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या बंगल्यांची गंमत अशी की बंगला तुमचा, जमीन सरकारची. बँका त्या वाटेला जात नाहीत.

वडगाव, शहापूर, खासबाग इथल्या विणकरांच्या घरांबाबत एक वेगळं सांगतो, कारण तुमच्या घराच्या वर्णनात "पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग" असं आलंय. ते सुरू आहेत का बंद? सुरू असतील तर व्हॅल्युअर वापर "मिश्र" असं लिहील, आणि बँक घरकर्जाऐवजी मालमत्ता तारण कर्ज देऊ बघेल. त्याला व्याज जास्त आणि किमतीच्या प्रमाणात कर्ज कमी. विक्रेता माग घेऊन जाणार असेल तर ते हलवल्यावरच व्हॅल्युअरला बोलवायचं होतं. मागाच्या कंपनानं भिंतीला तडे गेलेत का, तेही एकदा तुम्ही स्वतः बघून घ्या, रंगाच्या आत असतात. आणि त्या बाजूला बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात कुठंपर्यंत येतं हे शेजाऱ्याला विचारा, विक्रेत्याला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठं आलं होतं, हे तिथल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहे. जोत्याची उंची त्याच्यावर बसते का बघा.

आता करारातल्या त्या कलमाकडं येतो. "बँक केव्हाही फेरमूल्यांकन करील, तारण अपुरं पडल्यास कर्जदारानं जादा तारण द्यावं, खर्च कर्जदाराचा." हे कलम प्रत्येक बँकेच्या छापील मसुद्यात थोड्याफार फरकानं असतंच. तुम्ही एकट्यानं खोडायला सांगितलंत तर कुणी खोडणार नाही, आणि त्यासाठी बँक बदलून उपयोग नाही. पण त्याचा अर्थ काय, हे समजून सही करा.

कलमाच्या मागं मालमत्ता हस्तांतरण कायदा उभा आहे. तारण अपुरं पडलं तर सावकारानं कर्जदाराला जादा तारण द्यायची वाजवी संधी द्यायची, आणि त्यानं दिलं नाही तर पैशांसाठी दावा लावायचा, असं त्या कायद्याचं कलम ६८ म्हणतं. "अपुरं" म्हणजे किती, ते कलम ६६ मध्ये लिहिलंय. इमारत असेल तर तारणाची किंमत कर्जाच्या देण्यापेक्षा निम्म्यानं जास्त हवी. तुमचं देणं ४१ लाख २८ हजार, त्याची दीडपट ६१ लाख ९२ हजार. घराचं मूल्यांकन ५१ लाख ६० हजार. म्हणजे सही केल्या दिवशीच कायद्याच्या त्या मापात तुमचं तारण कमी आहे! हे वाचून घाबरू नका. हप्ता वेळेवर जात असेल तर बँक सहसा तुमच्या भिंती मोजायला येत नाही. मुद्दल ३४ लाख ४० हजारांवर आलं की या मापातूनही तुम्ही सुटता. तोवर एकच पथ्य सांभाळा. जुनं पाडून नवं बांधायचं, एखादा मजला उतरवायचा, मागची भिंत काढून गाळा काढायचा, असलं काही बँकेच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. तारण अपुरं असताना त्याला कायमची इजा होईल असं कृत्य कर्जदारानं करायचं नाही, असं तेच कलम ६६ सांगतं. शहापुरात एकानं हप्ते चोख भरत असताना पुढची बाजू पाडली. नोटीस आली तेव्हा त्याला कळेचना की गुन्हा कुठला.

रस्ता रुंदीकरणाचंही असंच. पुढची दहा फूट पट्टी महापालिकेनं घेतली आणि भरपाई मंजूर झाली, तर त्या रकमेवर आधी बँकेचा हक्क सांगता येतो, कलम ७३ प्रमाणे. पट्टीही जाते आणि पैसेही कर्जात वळतात. कर्ज तेवढं उतरतं हे खरं, पण नवीन पुढची भिंत बांधायला हातात काही नसतं. तुमच्या गल्लीवर विकास आराखड्यात रुंदीकरणाची रेघ आहे का, हे बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघा. व्हॅल्युअरनं बघितली असेल तर त्यामुळंही भाव खाली आला असेल.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मूल्यांकनाचा आकडा इथं हमखास चुकीचा वापरला जातो. बँकेच्या टेबलावर घराचा विमा कर्जाच्या रकमेएवढा, म्हणजे ४१ लाखांचा, काढून देतात. जागा जळत नाही. विमा काढायचा तो पुन्हा बांधायच्या खर्चाचा, तुमच्या बाबतीत २८ लाख ९० हजारांचा. घट वजा केलेला २२ लाख ८३ हजारांचाही नको, कारण आग लागल्यावर गवंडी चौदा वर्षांपूर्वीच्या मजुरीत येत नाही. बारा लाखांच्या जास्तीच्या रकमेचा हप्ता वर्षानुवर्षं फुकट भरू नका.

संचकाराचं सांगतो, आणि इथं मी जरा रागावणार आहे. तुम्ही पैसे आधी दिलेत आणि मूल्यांकन नंतर झालं. आपल्या गावात हे उलटंच चालतं. घर आवडलं, सुपारी फुटली, एजंटानं कागद पुढं केला, दिले पाच लाख. बँकेच्या करारातलं मूल्यांकनाचं प्रत्येक वाक्य बँकेला जपण्यासाठी लिहिलेलं असतं. तुम्हाला जपणारं वाक्य असलंच तर ते संचकार पत्रात असायला हवं होतं. एकच ओळ पुरे होती. "अमुक बँकेचं कर्ज इतक्या रकमेपेक्षा कमी मंजूर झालं तर संचकार तीस दिवसांत परत." विक्रेता सहसा नाही म्हणत नाही, म्हणाला तर काही कारण आहे असं समजावं.

तुमच्या पत्रात "मुदतीत खरेदी न केल्यास संचकार बुडेल" असं आहे. म्हणून मुदत संपायच्या आत लेखी बोलणी करा, आणि ती वकिलामार्फत करा. माझ्या मते तुमच्या हातात एक चांगलं पान आहे. १३५ फूट विक्रेत्याच्या नावावर नाहीत आणि वरची खोली विनापरवाना आहे, या दोन गोष्टी त्यानं तुम्हाला सांगितल्या होत्या का? तुमच्या संचकार पत्रात क्षेत्र १,३३५ लिहिलंय की १,२००? १,३३५ लिहिलं असेल तर तो जे विकतोय ते त्याच्याकडं नाही. तिथून भाव कमी करण्याची चर्चा सुरू करा, पैसे परत मागण्यापासून नको. सव्वातीन लाख जागेचे तर सरळ त्याच्याकडून कमी करून घेता येतील. वयाच्या घटीवर तो अडून बसेल, आणि त्याचं चूक नाही. बाजारात चौदा वर्षांचं चांगलं घर घेणारा एवढी घट मोजत नाही, ती फक्त आम्ही मोजतो.

पैसे कमीच पडले तर सौहार्द सोसायटीतून किंवा पतसंस्थेतून वरचे दहा लाख उचलायचा सल्ला तुम्हाला मिळणारच. त्याच घरावर दुसरं तारण बँक चालवून घेणार नाही. पगारावर वैयक्तिक घ्याल तर व्याज जवळपास दीडपट पडेल आणि हप्त्यांची बेरीज पगाराच्या निम्म्यावर जाईल. मी असतो तर भावात तीन-चार लाख कमी करून घेऊन उरलेल्यासाठी सोनं तारण ठेवलं असतं, दोन वर्षांत सोडवता येईल एवढंच.

एवढं पुढच्या आठवड्यात करा. सिटी सर्व्हेतून ताज्या तारखेचा उतारा आणि नकाशा काढा. महापालिकेतून मंजूर नकाशाची प्रत आणि घरपट्टीची पावती घ्या. दोन्ही जवळ घेऊन एखाद्या परिचित इंजिनिअरकडून जागा मोजून घ्या, दोन-तीन हजारांत काम होतं. मग शाखेत जा, मोजमापाची चूक निघाली तर लेखी द्या, नाही निघाली तर विक्रेत्याकडं जा. जुन्या खतांच्या मराठी प्रती असतील तर त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून ठेवा, बँकेचा वकील शेवटच्या दिवशी ते मागतो.

आणि वरची पत्र्याची खोली. नियमित करून घेता येईल का, हे खरेदीच्या आधीच महापालिकेत विचारा, पण स्वतःच्या खर्चानं मुळीच करू नका. तो खर्च विक्रेत्याचा. त्यानं करून दिलं तर मूल्यांकन पुन्हा मागा. नाही केलं तर तिची किंमत सौद्यातूनही शून्य धरा, जशी बँकेनं धरली.